चष्मा पुसेपर्यंत

आमच्या खाडीत मासे पागणारे बाबीमामा साधी विडी पेटवायची असली तरी आधी होडी खुंटाला बांधतात. आज जेटीवरून ते पाहिलं आणि त्यामागचं कारण मला पटलं.

परवा मी हौसेने कयाक ही एकट्यापुरती चिंचोळी होडी घेऊन एकटीच खाडीत गेले होते. चष्म्यावर पाणी उडालं म्हणून वल्हं मांडीवर ठेवलं आणि ओढणीने काचा पुसल्या. एवढंच. चष्मा डोळ्यांवर चढवला, तर जेटी काडेपेटीएवढी झालेली! अंगाला गोड लागणारा वारा मला गुपचूप समुद्राकडे घेऊन चालला होता.

तेवढ्यात पर्यटकांची स्पीडबोट शेजारून सुसाट गेली. गेली एकदाची, म्हणून मी श्वास सोडला आणि मागून तिच्या लाटा आल्या. कयाक कुशीवर कलली. पाणी मांडीला लागलं.

"तोंड लाटेकडे कर गो बाय, लाटेकडे!" लांबून बाबीमामा ओरडले. कशीबशी कयाक वळवली आणि लाटा ओसरल्यावर वल्हवत जेटी गाठली.

भीती वाटायला हवी तेव्हा मला वारा गोड लागत होता, याचीच आता जास्त भीती वाटते. तेव्हापासून घरातही चष्मा पुसताना मी एक पाय टेबलाच्या पायाला अडकवून बसते.