लिव्हरच्या पावडरीचा व्हिडिओ

मंडळी, आज दुपारी वडनेरला आमच्या घरी काय झालं ते सांगते.

आमच्या ह्यांचं वजन जास्त. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा ओळखीच्या एका एजंटाने झाडपाल्याची पावडर फुकट दिली. म्हणाला, "कंपनीची टेस्ट चालू हाय. सोबत रोज चाला, तळलेलं सोडा." मला तेव्हाच शंका आली होती, की फरक पडला तरी तो पावडरीने की चालण्याने, हे कळणार कसं?

परवा नवा रिपोर्ट चांगला आला. ते कळताच तो एजंट आज मोबाईलवर व्हिडिओ काढायला हजर. "भाऊ, पावडरीनं कसा फरक पडला, तेवढं सांगा."

हे सरळ म्हणाले, "पावडर तं मी घेतलीच नाही. कडू लागली, ठेवून देली. चालाले जातो अन् भजे सोडले."

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. "घेतली म्हना न भाऊ. लोकायचा फायदा होईन."

"न घेता घेतली काऊन म्हनू?"

तो उठला. जाता जाता पुटपुटला, "बाकी सगळे बोलले, तुमचंच अडलं."

पावडर गुणाची असेलही, मला माहीत नाही. पण त्या बाकीच्यांपैकी कितींनी ती खरंच खाल्ली असेल? तुमच्या गावात आला का असा कोणी?