इराच्या झेंड्यावरचं चक्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एवढा मोठा गाढवपणा शिकागोच्या अख्ख्या मराठी मंडळात आजवर कुणी केला नसेल. तोही भर स्टेडियममध्ये!

आमच्या शेजारच्या वैशालीची मुलगी इरा हर्डल्स पळते. जन्म इथलाच, अमेरिकेतला. तिचे वडील इद्रिसा आफ्रिकेतले, अगदी सोन्यासारखा माणूस. आता आफ्रिकेत नेमका देश कुठला, हे विचारायचं माझं वीस वर्षं राहूनच गेलं!

एक दिवस वैशाली म्हणाली, "मावशी, इराला दुसरं नागरिकत्व मिळालं. आता ती त्या देशाकडून पळणार."

दुसरं नागरिकत्व म्हणजे काय? ओसीआय कार्ड! इथल्या प्रत्येक मराठी घरात अमेरिकन पासपोर्टशेजारी ते भारताचं कार्ड असतंच. त्यानं कुणी भारताचा नागरिक होत नाही, हे मला सांगणार कोण? मी ग्रुपवर टाकून मोकळी: आपली इरा भारताकडून पळणार! डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून पेढे आणून वाटलेसुद्धा.

शर्यतीच्या दिवशी वैशाली पिशवी घेऊन आली. "मावशी, तुम्ही कठड्यापाशी बसलायत ना, झेंडा तुमच्याकडे ठेवा. इरा पहिल्या तिघींत आली तर तो घेऊन राउंड मारेल. इद्रिसा या क्षणासाठी कधीचा थांबलाय हो." आणि ती खाली त्याच्याजवळ गेली.

भारतासाठी एवढी तळमळ! मी म्हटलं, जावई असावा तर असा.

मी झेंडा उलगडून बघितला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, सगळं ठीक. पण चक्राच्या जागी केशरी डाग! चांगला गरगरीत!

"अहो, बघितलंत? वैशालीनं मशीनमध्ये टाकला. रंग उतरला चक्रावर!"

"इतका गोल उतरतो?" आमचे हे म्हणाले.

"गरम पाण्यात उतरतो!"

मंडळाच्या पॉटलकला प्रत्येकीनं घरून करून आणलेल्या पातेल्यांवर नावं घालायला निळा मार्कर माझ्या पर्समध्ये कायम असतो. डागावर बांगडी ठेवली, गोल आखला आणि आरे काढायला बसले.

"अगं, झेंड्यावर काही लिहू नये."

"लिहीत नाहीये, दुरुस्त करतेय! मोजा, चोवीस झाले का?"

तेव्हा म्हणे माइकवरून खेळाडूंचे देश सांगत होते. मला कुठली शुद्ध! बंदूक वाजली तेव्हा मान वर केली. इरा एकेक अडथळा अशी ओलांडत गेली की बघत राहावं. दुसरी आली!

धापा टाकत ती कठड्यापाशी आली. "मावशी, फ्लॅग! क्विक!"

मी "भारतमाता की जय" करून झेंडा दिला. तिनं न बघता खांद्यावर घेतला आणि पळाली. मोठ्या स्क्रीनवर इरा, झेंडा, माझं चक्र. खाली ठळक अक्षरांत देशाचं नाव: नायजर.

"नायजर? हे काय मध्येच?"

यांनी फोनमध्ये बघितलं आणि थंडपणे म्हणाले, "इद्रिसाचा देश. केशरी, पांढरा, हिरवा. मधला तो डाग नाही, सूर्य आहे."

मी सूर्याला आरे काढले होते! खाली इद्रिसा डोक्याला हात लावून स्क्रीनकडे बघत होता. बिचारा इतकी वर्षं थांबला, तो हे बघायला? मला रडूच फुटलं, खरंच सांगते.

एवढ्यात एका मुलाखतवालीनं इरापुढे माइक धरला. "हे निळं चाक कशाचं प्रतीक?"

इरानं पहिल्यांदा झेंड्याकडे नीट पाहिलं. मग स्टँडमध्ये मला शोधलं. अख्खं स्टेडियम ऐकतंय!

"दॅट्स नॉट नायजर," ती म्हणाली. "दॅट्स माय मावशी. शी फिक्सेस थिंग्ज. मावशी, वेव्ह!"

हशा उसळला. इद्रिसासुद्धा पोट धरून हसायला लागला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

स्क्रीनवर भलीमोठी मी, डोळे पुसत हात हलवतेय, आणि शेजारची खुर्ची रिकामी. नवरा गेला कुठे म्हणून बघते, तर हे कधीच खाली इद्रिसाशेजारी जाऊन उभे राहिले होते आणि ही बाई कोण, असा चेहरा करून नायजरसाठी टाळ्या वाजवत होते.