न डागलेलं पोट

आमच्याकडे तान्ह्या बाळाचं पोट श्वासागणिक आत खचू लागलं की त्याला 'डबा' झाला म्हणतात. डब्यावर इलाज एकच: तापल्या सुईने पोटावर चटके द्यायचे. या अघोरीपणाविरुद्धची पत्रकं वाचतच मी वाढलो. अमडापूरच्या बाजारात उभा राहून ती वाटलीही.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दीड महिन्याच्या तिच्या मुलीचं पोट खचू लागलं, मायने डागणारीला बोलावलं, आणि मी दारात आडवा झालो. म्हातारी सुई पदराला पुसत म्हणाली, "इतके लेकरं डागले म्या, मले कळत नाही अन् तुले कळते काय बे?" माय रडत होती. ताईने एवढंच विचारलं, डॉक्टर वाचवील ना? मी हो म्हणालो. पत्रकाच्या शेवटी 'डॉक्टरास दाखवा' असं छापलेलं असे. त्यापुढे काय, ते नसे.

ताई आणि मुलीला घेऊन त्या काळच्या सर्व्हिस मोटारीने खामगाव गाठलं. वाटेत मूल दूध ओढता ओढता थांबे, धापा टाकी, नखं निळसर होत. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मला बाहेर नेऊन कागदावर हृदय काढून दाखवलं. फुफ्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा डावीकडे उघडायला हव्यात. हिच्या बहुधा जन्मतःच उजवीकडे, अशुद्ध रक्तात उघडतात. मग तेच रक्त पुन्हापुन्हा फुफ्फुसात जातं, तिथल्या नळ्यांवर ताण येतो, धाप लागून पोट खचतं. निदानाची खात्री देता येत नाही म्हणाले.

"इलाज?"

"पुस्तकातही नाही."

बाजारात तासभर बोलणाऱ्या मला परतताना चार वाक्यं जुळवता येईनात. कशीबशी सांगितली. ताईने मुलीवरची नजर काढली नाही.

"मंग डागू दिलं असतं तं?"

"तरी वाचली नसती. उगाच भाजली असती."

"हे तुले ठाव आहे, का छापेल आहे?"



चौथ्या दिवशी सकाळी मूल गेलं. शेवटची आंघोळ घालताना मी पाहिलं, पोटावर एकही डाग नव्हता. माझं चुकलं नव्हतं. आजही चुकलं असं मी म्हणणार नाही. ताईने ते कोरं पोट फडक्याने झाकलं.

"काही तरी केलं, असं तं वाटलं असतं मले," ती म्हणाली. त्यानंतर ती माहेरी आली ती मी घरी नसतानाच.