“माझा नाय, पोराचा पाय उडतोय!”

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पंचाईत अशी की आमच्या गावाचा माझ्यावरच विश्वास होता! कारण मी पायाळू... म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत तुम्हाला माहीत असेलच. शाळेतून घरी निघालो की कुणीतरी ओट्यावर पालथं पडलेलंच असायचं. “गणेश, ये रे इकडं, जरा लाथ दे!” लाथ दिली की हातावर गूळ-शेंगदाणे. आमच्या हेडमास्तरांनाही मी एकदा लाथ घातली आहे, तीही त्यांच्याच सांगण्यावरून.

पुढे नाशिकला बी.एस्सी. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर! सातपूरला एका कंपनीत क्वालिटी विभागात लागलो आणि वाटलं, चला, या लाथांतून सुटलो.

माझं कॉलेज झालं ते आईच्या झेंडूवर. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. पहाटे फुलं तोडायची, माळा करायच्या, पंचवटीत नेऊन विकायच्या... हे तिचं आयुष्य. आणि या वाकण्यानेच तिची कंबर गेली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला, फिजिओ झाला. शेवटी शेवटी ती माळ ओवायलाही खाली बसेना. बाईचा जीव त्या फुलांत... उंबऱ्यात उभी राहून नुसती मळ्याकडे बघायची.

साऱ्या गावाला माझा पाय लागला, फक्त तिला नाही. पोटच्या पोराचा पाय आईला लागू नये, पाप लागतं, असं ती मानते. मी गमतीने म्हणायचो, “आई, पड पालथी, एकदाचं होऊन जाऊ दे.” ती म्हणायची, “दुखलं तर दुखू दे मला. तुझ्या माथी पाप नको.”

शेवटी कॉलेज रोडजवळच्या एका दवाखान्यात फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे तिला नेलं. मॅडम तरुण, पण समजावून सांगण्याची हातोटी मोठी. म्हणाल्या, मणक्याच्या लहान सांध्यांतून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसा असतात. तिथपर्यंत सुई न्यायची आणि रेडिओ लहरींनी टोक तापवायचं, म्हणजे तो निरोप थांबतो. ऑपरेशन नाही, टाके नाहीत. आधी नुसतं तपासणीचं इंजेक्शन दिलं, तर त्या संध्याकाळी आई चक्क मळ्यात फिरून आली. म्हणजे दुखणं तिथलंच होतं.

पण तिच्या डोक्यात एकच शब्द बसला. जाळणार.

“नस जाळनार? मेल्यावर जाळनारच हायत की सगळं. आत्तापास्नं कशाला घाई?”

मॅडम हसल्या. “जाळत नाही हो मावशी. शेकते म्हणा.”

“मंग पुन्हा नाय दुखनार?”

“वर्ष-दीड वर्षाने नस परत वाढू शकते. मग परत करता येतं.”

“म्हंजी काँग्रेस गवतच की! उपटलं तरी येतंय.”

तर ठरलं. आधी उजवी बाजू, मग काही आठवड्यांनी डावी. त्या दिवशी सकाळी आईला आत नेलं. जाता जाता मला म्हणाली, “नको वाटलं तर मी उठून येईन हां. रागवू नको.” आत एक्स-रेचं मशीन असतं, म्हणून त्या खोलीच्या दाराला शिशाचा पत्रा ठोकलेला. दार बंद झालं की आतलं काही ऐकू येत नाही, डोकावायला काचसुद्धा नाही. मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी सातपूरचेच एक काका होते, मानेला पट्टा.

थोड्या वेळाने माझा उजवा पाय उडायला लागला.

म्हणजे टेन्शनमध्ये आपण पाय हलवतो तसा नाही. तळव्याला गरम लागलं आणि पाय आपोआप... टक, टक, टक... शिवणयंत्राच्या पायट्यावर ठेवल्यासारखा. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, तरी थांबेना. चप्पल उडून काकांच्या पुढ्यात पडली.

“काय हो, नाचायचं असलं तर मोकळ्यात जा की,” काका म्हणाले.

“काका, मी नाही हलवत...”

“मग कोण, मी हलवतोय?”

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या. चेहऱ्यावर हसू होतं, पण जरा बावरलेल्या.

“मावशींचा मुलगा कोण?”

“मी. काय झालं?”

त्या माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “...अहो, उजवाच आहे,” आणि तशाच आत पळाल्या. थोड्याच वेळात पाय थांबला. एकदम, बटण बंद केल्यासारखा.

आत काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. सुई लागल्यावर आई घाबरली होती. “उठते मी, मला नाय करायचं,” असं दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली असती तर मॅडम थांबणारच होत्या. तापवण्याआधी एक चाचणी असते. सुईतून हलका करंट सोडतात आणि पायाचा स्नायू उडत नाही ना, ते बघतात. पाय उडला तर सुई चुकीच्या नसेजवळ आहे. म्हणून करंट सोडून त्यांनी विचारलं, “मावशी, पाय उडतोय का?”

आई एकदम शांत झाली. आणि पालथी पडल्या पडल्या, उशीत तोंड खुपसून म्हणाली, “माझा नाय, पोराचा पाय उडतोय. भायेर. उजवा.”

मॅडमनी तिचे पाय पाहिले. दोन्ही स्थिर. मग सिस्टरला म्हणाल्या, जरा बघून ये गं. त्यानंतर पुढचं सगळं होईपर्यंत आई हललीसुद्धा नाही.

मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमचा पाय टेन्शनने उडाला असेल. पण त्यांना कसं कळलं, ते मला नका विचारू.”

आईचं म्हणणं सरळ आहे. “गरम पाय ठेवला कुनीतरी कंबरेवर. पाय माझ्याच पोराचा, मला वळखू येत नाय व्हय?”

डाव्या बाजूच्या वेळी मी पूर्ण तयारीनिशी गेलो. त्याच बाकावर बसलो, चप्पल काढून ठेवली, पायाकडे एकटक बघत राहिलो. काही नाही! पाय ढिम्म. आतून आई बाहेर आली ती मलाच रागावत, “आज कुठं गेलता रे?” तरी डाव्या बाजूलाही गुण आला. आधी थोडं ठणकलं, मग दुखणं ओसरत गेलं. श्रेय मॅडमचं आणि त्यांच्या शास्त्राचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आई आता पुन्हा पहाटे झेंडूत वाकते. मी ओरडतो, ती ऐकत नाही.

पण पहिल्या दिवशी ते काय होतं? बी.एस्सी.ची सगळी पुस्तकं आठवून पाहिली. पहिल्यांदा का, दुसऱ्यांदा का नाही... मला सांगता येत नाही.

एक लिहायचं राहिलं. त्या पहिल्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा आई अजून पालथीच होती, कंबरेवर छोटी पट्टी. तेव्हा तिने काय सांगितलं होतं, ते मला माहीतही नव्हतं. तरी मी सरळ पुढे झालो, तिच्या कंबरेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. कुणाला चुकून पाय लागला की आपण करतो ना, तसा. का केलं, कोण जाणे.

ती मान न वळवता म्हणाली, “असू दे. लागला तर लागला.”