निजून निवडलेली खिडकी

भोपाळला कोलार रोडवर घर बांधायला घेतलं तेव्हा आईच्या खोलीची खिडकी मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकली होती. पश्चिमेची जवळजवळ अख्खी भिंत काचेची! खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं आई पलंगावरच होती. सरकारी क्वार्टरमधल्या त्या खोलीत तिला दिसायचं काय, तर कपाट आणि छताचा पंखा. हळूहळू तिचं बोलणंच आटत चाललं होतं. दिवसाकाठी चार वाक्यं, त्यातली तीन ‘नको’ने सुरू होणारी. ती अशीच गप्प होत होत आमच्यातून निघून जाईल, ही धास्ती मला झोपू देत नसे. नव्या घरात तिला रस्ता दिसला पाहिजे, माणसं दिसली पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं.

“अगं, भोपाळचा मे महिना विसरलीस का? भट्टी होईल त्या खोलीची,” नवरा म्हणाला.

“एसी लावू,” मी म्हटलं आणि विषय संपवला. माझ्यापुढे विषय लवकर संपतात.

खिडक्या-दारं करून देणारे कारागीर माप घ्यायला आले ते एप्रिलातल्या एका दुपारी, साडेतीनला. साठीचा, मितभाषी माणूस. टेप खिशातच ठेवून त्यांनी विचारलं, “अम्मा का पलंग किधर लगेगा?”

मी जागा दाखवली. त्यांनी तिथे विटांवर दोन फळ्या टाकल्या, वर आपला गमछा अंथरला आणि म्हणाले, “दीदी, लेट के देखो.”

गवंडी टकामका बघत होते. माझा पारा चढला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ते शांतपणे म्हणाले, “खिडकी आप खडे-खडे पसंद कर रई हो. देखना तो अम्मा को लेटे-लेटे है.”

रागारागातच आडवी झाले. पाच मिनिटांत ऊन थेट डोळ्यांत घुसलं, शेजारची वीट गालाला झळ मारू लागली. आणि ज्या रस्त्यासाठी एवढा अट्टाहास, तो तेवढ्या लांबून, झोपून दिसतच नव्हता. दिसत होतं नुसतं पांढरंफटक आभाळ. दोन वर्षं आईचं सगळं केलं म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते, पण तिच्या जागी पाठ टेकून एकदाही पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

आमचा प्लॉट कोपऱ्यावरचा, रस्ता उत्तरेलाही होताच. मग त्यांनी फळ्या त्या उत्तरेच्या भिंतीला अगदी लागून सरकवल्या, मला पुन्हा झोपवलं आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. खिडकी तिथून सुरू. दुहेरी काच, मध्ये हवेचा थर, म्हणजे बाहेरची धग आत येत नाही. चौकट यूपीव्हीसीची, म्हणजे न तापणाऱ्या कडक प्लास्टिकची, फटींना रबर, वर रुंद छज्जा. पश्चिमेला नुसता एक झरोका. दाराच्या खालच्या फटीलाही ब्रशची पट्टी, लूच्या झळा आणि धूळ अडवायला. काचेची अख्खी भिंत गळ्यात मारता आली असती, पण त्यांनी स्वतःचंच काम निम्म्यावर आणलं. कडी कुठे हवी, यासाठी तीनदा माझा हात लांब करवला. “हर बात के लिए आवाज क्यों दें अम्मा?” म्हणाले. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि त्या दुपारी मी त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही राहायला आलो. बाहेर अंगाची लाही होत असताना आईच्या खोलीत पंख्यावर भागत होतं.

आठवड्याभराने सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि भांडणाचा आवाज आला. धावत गेले. आईने आपल्या हाताने खिडकी उघडली होती. गजांतून हात बाहेर काढून ती भेंड्यांची टोकं मोडून बघत होती आणि भाजीवाला कळवळत होता, “अम्मा, सब तोड दोगी तो बेचूँगा किसको?”

“लेटी हूँ, अंधी नहीं हूँ,” आई कडाडली. “कोवळी छाँट के दे.”

मी दारात उभी राहून घळाघळा रडत होते. आईने मान वळवून पाहिलं.

“उभी काय राहिलीस? टोपली आण.”