शेजारी देशांचं ऑफ-व्हाइट कार्ड

आमच्या हैदराबादच्या ऑफिसात निर्णय कमी आणि किस्से जास्त जमतात. फाईल वर्षानुवर्षं तिथंच असते, किस्सा मात्र संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगभर फिरून येतो. काम म्हणाल तर शेजारी देशांची आर्थिक आणि सामाजिक धोरणं एकमेकांशी जुळवणं. लग्नानंतर सासूबाईंना हे नीट समजावून सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "इथं दिलसुखनगरात पार्किंगवरून वरच्या मजल्यावाल्यांशी तुझं जमेना, अन् तू देश जुळवतेस होय?"

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी 'नोकरी आहे' एवढंच सांगते.

*

आमच्या मॅडम म्हणजे संचालिका. पक्क्या हैदराबादी तेलुगू, यंदा रिटायर होणार होत्या. जायच्या आधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. मजुरीसाठी आईबाप सीमा ओलांडतात, पण पोराचं लसीचं कार्ड पलीकडे चालत नाही. तिथली शाळा म्हणते, पुन्हा टोचून आणा, मगच नाव घालू. एका आईनं पोराचा सुजलेला दंड दाखवून मॅडमना विचारलं होतं, "पोर तर तेच आहे ना?" त्या दिवसापासून सगळीकडे चालेल असं एकच कार्ड करायचं, हा मॅडमचा ध्यास. मलाही मनापासून वाटायचं, एवढं तरी व्हावं.

चहाच्या टेबलावर सगळे प्रतिनिधी 'हो, हो' म्हणायचे. मीटिंगमध्ये बसले की 'राजधानीला विचारावं लागेल'. मी एकदा मॅडमना विचारलं, "नाही म्हणताना हे लोक राजधानीला का विचारत नाहीत?"

मॅडम म्हणाल्या, "अम्मा, नाहीची परवानगी घेऊनच ते विमानात बसतात."

*

मसुद्यातल्या ज्या शब्दाला कुणाची हरकत असेल तो कंसात टाकायचा, अशी आमची पद्धत. सगळे कंस निघाल्याशिवाय ठराव होत नाही. कार्डाच्या मसुद्यात एकदा तारीख सोडून बाकी सगळं कंसात होतं.

मग ही सवयच लागते. कँटीनचा मेनू आला की मॅडम बगारा बैंगनला कंस घालायच्या, त्यांना वांगं सोसत नाही. माझंही तेच झालं. नवरा एकदा म्हणाला, "रविवारी आत्याकडे जेवायला जाऊ."

मी म्हटलं, "जेवण ठीक आहे. आत्या कंसात."

*

कार्डाचा रंग ठरवायला दोन दिवसांची बैठक ठेवली होती. हिरवा नको, तो एकाच्या झेंड्यात आहे. निळा नको, तो दुसऱ्याकडच्या विरोधी पक्षाचा. भगवा म्हणायची तर कुणाची हिंमतच झाली नाही. शेवटी पांढऱ्यावर गाडी आली, तर बेटावरच्या देशाचे एक सज्जन म्हणाले, "पांढरा मळतो हो."

मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "मग आधीच मळलेला पांढरा घेऊ या."

इतिवृत्तात लिहिलं गेलं: ऑफ-व्हाइट, एकमतानं मंजूर.

*

आता प्रतिनिधींमधल्या दोघांचं सांगते. देशांची नावं सांगत नाही, अजून शेजारीच आहेत ते. एक मिशीवाले साहेब, एक चष्मेवाल्या बाई. बाईंनी पाठिंबा दिला की साहेबांचा विरोध, साहेबांनी दिला की बाईंचा. विषय काय होता, हे दोघंही नंतर बघायचे.

एकदा विमान रद्द झालं म्हणून दोघं रेल्वेनं आले, तेव्हा नामपल्ली स्टेशनवर त्यांना आणायला आमचा ड्रायव्हर सलीमभाई गेला. गाडीत आधी कोण बसणार यावर दोघं अडले. आधी बसला तो मोठा, की ज्याच्यासाठी दार धरलं तो मोठा, कोण जाणे! सलीमभाईनं बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "तुम दोनों सोचो, मैं जातौं," आणि खरंच रिकामी गाडी घेऊन परत आला.

आम्ही हादरलो. तेवढ्यात गेटवर एक ऑटो थांबली. आत दोघं शेजारीशेजारी, आणि ऑटोवाल्यानं मीटर टाकलं नाही म्हणून दोघं मिळून त्याच्याशी भांडत होते. दोघांचं एकमत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

आणि ही मॅडमची शेवटची बैठक. सगळे कंस निघाले होते, फक्त अंतिम होकार राहिला होता. एकाचीही हरकत आली तर कार्ड गेलं, आणि मॅडमही चालल्या होत्या. बाई पहिल्यापासून कार्डाच्या बाजूनं, म्हणजे साहेब काय करणार ते उघडच होतं. सकाळभर दोघंही गप्प होते. जेवणानंतर मॅडमनी विचारलं, "कुणाची हरकत?"

बाईंनी हात वर केला. "आमची आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, त्यांचे डोळे भरून आले होते.

मिशीवाले साहेब लगेच सावरून बसले. "आमच्या देशाचा या कार्डाला बिनशर्त पाठिंबा आहे."

"असं का?" बाई म्हणाल्या. "मग आम्ही हरकत मागे घेतो."

कुणी श्वास घ्यायच्या आत मॅडमनी हातोडा आपटला. कार्ड मंजूर! मॅडम तिथंच रडल्या, मीही रडले.

चहाच्या वेळी साहेब उस्मानिया बिस्किटांची बशी घेऊन बाईंजवळ आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "किती उशीर लावलात. सकाळपासून तुमच्या हरकतीची वाट बघतोय."