वाक्यातले आकडे

घरच्या कॉम्प्युटरवर पीडीएफचं ई-पब, म्हणजे टॅबवर वाचायचं पुस्तक, करताना एक गोष्ट हमखास होते. छापील पानाच्या तळाशी असलेला आकडा उचलला जातो आणि वाक्याच्या मध्येच येऊन बसतो. कुणीतरी दार लावायला उठतो, मध्येच एकशे बारा येतो, मग दार लागतं.

आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिची पुस्तकं मी अशी बदलून टॅबवर घालतो. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. या खेपेला चिकाटीनं बसून सगळे आकडे काढले. पुस्तक निवडलेल्या तांदळासारखं स्वच्छ झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "यातले आकडे कुठे गेले?"

"खडे होते, काढून टाकले."

"मग मी ताईला काय सांगू, कुठवर आले ते?"

मावशी कऱ्हाडला तेच पुस्तक छापील वाचते. रोज दुपारी दोघींचा फोन होतो. जी पुढे असेल तिनं थांबायचं, असं त्यांचं ठरलेलं आहे. मोठ्या अक्षरात पानं तिप्पट होतात, त्यामुळे दोघींना एका जागी आणणारे तेवढे आकडेच होते. इतकी पुस्तकं बदलून दिली, पण हे मला माहीत नव्हतं.

मी मूळ फाईल पुन्हा बदलली आणि काहीही निवडलं नाही. आज माणूस दार लावायला उठला आणि आईनं टॅब मिटून ठेवला.

"ताई अजून एकशे नऊवर आहे," ती म्हणाली.

ते दार आता उद्यापर्यंत उघडंच राहणार.